एक आजारी पडला, तरी दोघांना घेऊन या
(जोडीनं ससे पाळणाऱ्यांसाठी आमच्या दवाखान्याचं माहितीपत्रक)

फोनवर वेळ ठरवताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: ससा एकटा आहे की जोडीतला? जोडीतला असेल तर दुसऱ्यालाही सोबत आणायला सांगतो. पुष्कळांना हे पटत नाही. जो ठणठणीत आहे त्याची उगीच कशाला ओढाताण, शिवाय दोन ससे म्हणजे दुप्पट बिल, असं वाटतं. बिलाचं आधीच सांगून टाकतो. सोबतीला आलेल्या सशाची फी आम्ही घेत नाही. त्याचं वजन करतो, दात बघतो, नखं वाढली असतील तर कापून देतो. त्याला औषध द्यायची वेळ आली, तरच त्या औषधाचे पैसे.

आता कारण सांगतो.

परत आलेला ससा दुसऱ्याला परका वाटतो

सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. वरून घार येते का, मागून कुत्रा येतो का, हे त्याला मान न वळवता दिसतं; पण नाकाच्या अगदी समोरचं नीट दिसत नाही. त्यामुळे जवळ बसलेला सोबती तो ओळखतो वासावरून. कपाटाच्या कडेवर, तुमच्या चपलेवर, सोबत्याच्या पाठीवर ससा हनुवटी घासत फिरतो ते तुम्ही पाहिलं असेल. हनुवटीखालच्या ग्रंथीतून तो आपला वास तिथे लावत असतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण एकत्र राहणाऱ्या सशांचा वास हळूहळू एक होतो आणि तीच त्यांची ओळख असते.

त्यातला एकच दवाखान्यात आला, की त्याच्या अंगाला स्पिरिट लागतं, हातमोज्यांचा वास लागतो, आधी टेबलावर उभ्या राहिलेल्या लॅब्रॅडॉरचा वास लागतो, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या भीतीचा वास. संध्याकाळी तो घरी येतो. घरचा ससा पुढे होऊन मान हुंगतो, कान हुंगतो, मग सुई टोचली होती तिथे येऊन थबकतो. शेपटी वर जाते, कान मागे चिकटतात, आणि पुढच्या मिनिटात फरशीवर केसांचे पुंजके. कान फाटलेला, मांडीला चावा घेतलेला ससा दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्याच टेबलावर येतो. काल तो दातांसाठी आला होता, आज टाक्यांसाठी.

सगळ्या जोड्यांत असं होत नाही. काही जोड्या दोन मिनिटं हुंगून पुन्हा शेजारी शेजारी पसरतात. पण तुमची जोडी कोणत्या प्रकारची, हे आधी सांगता येत नाही. एकदा बिनसलं, की पुन्हा जुळायला आठवडे लागतात, आणि काहींचं कधीच जुळत नाही. दोघंही येऊन गेले तर वास दोघांनाही सारखाच लागतो. भांडायला कारण उरत नाही.

दुसरं कारण पोटाचं. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. त्याला उलटी करता येत नाही, आणि खाणं थांबलं की पोट फुगून गोष्टी फार लवकर हाताबाहेर जातात. १२ तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर ती आमच्या दृष्टीने तातडीची केस, मग वार कुठलाही असो. परक्या जागी एकटा ससा कोपऱ्यात अंग चोरून बसतो, समोरच्या गवताला तोंड लावत नाही. शेजारी सोबती कराकरा चघळायला लागला, की तोही काडी ओढतो. कितीदा तरी हे आमच्या डोळ्यांसमोर झालंय. भूक वाढवायच्या औषधापेक्षा या सोबतीवर आमचा भरवसा जास्त आहे, आणि ती फुकट मिळते.

आणताना

दोघांना एकाच कॅरिअरमध्ये, म्हणजे प्राणी नेण्याच्या पेटीत, आणा. दोघं अंग पसरून शेजारी बसू शकतील एवढं ते मोठं असावं. टणक प्लॅस्टिकचं आणि झाकण वरून उघडणारं असेल तर उत्तम. समोरच्या छोट्या दारातून घाबरलेल्या सशाला ओढून काढताना त्यालाही त्रास आणि आम्हालाही. पुठ्ठ्याचा खोका नको. लघवीनं तळ भिजला की जिन्यातच तो फाटतो. खाली टॉवेल घाला, पण धुतलेला नव्हे. पिंजऱ्यात चार दिवस पडलेला, केस लागलेला, थोडा घाण वास येणाराच हवा. दवाखान्यात जायचं आणि असा टॉवेल, हे घरातल्या मोठ्या माणसांना पटणार नाही. आमचं नाव सांगा.

स्कूटरच्या पायदानावर कॅरिअर ठेवून आणू नका. हादरे, गाड्यांचे हॉर्न आणि सायलेन्सरची धग हे तिन्ही एकदम त्याच्या तोंडासमोर येतात. रिक्षा बरी, कॅरिअर मांडीवर घ्या आणि वरून पातळ ओढणी टाका. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी ४० अंशांच्या आसपास तापतं. सशाला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते, आणि ३० अंशांच्या वर गेलं की त्याला झेपेनासं होतं. त्या दिवसांत आम्ही सशांना सकाळी दहाच्या आतलीच वेळ देतो. पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून कॅरिअरच्या एका बाजूला ठेवा. नको असेल तो दुसऱ्या बाजूला सरकेल. कान गरम लागले, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर आधी कान ओल्या फडक्यानं पुसा आणि रिक्षातूनच आम्हाला फोन करा.

तातडी नसेल तर विसर्जनाचा दिवस आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ टाळा. ढोलताशातून आणि फटाक्यांतून आलेल्या सशाची नाडी तपासून काही कळत नाही.

आल्यावर कॅरिअर जमिनीवर ठेवू नका, बाकावर ठेवा, तोंड भिंतीकडे करून. कुत्र्यांची गर्दी असली तर जिन्याखालीच थांबा, आम्ही मिस्ड कॉल देतो. शुक्रवारी दुपारी दवाखाना फक्त सशांना आणि गिनीपिगांना असतो. जमलं तर तीच वेळ मागा.

टेबलावर

एकाची तपासणी चालू असताना दुसरा त्याच टेबलावर, त्याला अंग टेकवून बसलेला असतो. त्याला धरायचं काम तुमचं. कानांना धरून कधीही उचलू नका, अगदी "आमच्याकडे असंच धरतात" असं कोणी सांगितलं तरी. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि सशाची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. सशाच्या मागच्या पायांत ताकद फार आणि हाडं मात्र हलकी. हवेत लटकत्या अवस्थेत त्यानं जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच मणका मोडू शकतो. व्हिडिओत ससा उताणा धरला की शांत झोपल्यासारखा दिसतो. तो झोपलेला नसतो, भीतीनं गोठलेला असतो. नखं कापायला आम्ही तसं करत नाही आणि तुम्हीही घरी करू नका.

ऑपरेशन असेल तेव्हा

कुत्र्या-मांजरांना भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवतात. सशाला ठेवायचं नाही. निघेपर्यंत त्याच्यासमोर गवत असू द्या आणि येताना त्याचं नेहमीचं खाणं डब्यात घालून आणा: टिमोथीचं गवत, मेथीची जुडी, कोथिंबीर, जे त्याला आवडतं ते. लसूणघास थोडाच बरा. त्यात कॅल्शियम जास्त, आणि मोठ्या सशाची लघवी त्यानं गढूळ होते.

सोबती भुलीचं इंजेक्शन देईपर्यंत त्याच्याजवळ असतो. मग त्याला त्याच खोलीत बाजूच्या पिंजऱ्यात ठेवतो. ऑपरेशन झालेल्याला शुद्ध येऊन तो मान सावरून बसेपर्यंत दोघांना एकत्र करत नाही, कारण अर्धवट गुंगीत झोकांड्या खाणाऱ्या सशावर दुसरा चढतो किंवा त्याला दातानं ढोसतो. तो सावरला की दोघं एका पिंजऱ्यात. टाके आम्ही कातडीच्या आतून घालतो, त्यामुळे गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं बांधावं लागत नाही. ते बांधलं की सशाला आपल्या मऊ लेंड्या खाता येत नाहीत, ज्या त्याला खाव्याच लागतात, आणि सोबत्याला त्याचे कान चाटता येत नाहीत.

नसबंदीबद्दल एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. नराची नसबंदी झाली, तरी त्यानंतर काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो. आम्ही ६ आठवडे धरायला सांगतो. मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर तेवढे दिवस दोघांमध्ये जाळी ठेवा. मादीचा गर्भ जेमतेम महिनाभराचा असतो आणि व्यायल्यावर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा "एवढ्यात काय होणार" या भरवशावर राहू नका. दुकानातून "दोघी बहिणी आहेत" म्हणून आणलेल्या जोडीतली एक बहीण तीन महिन्यांत भाऊ निघते, हे तर आमच्याकडे नेहमीचंच. लहान पिल्लांचं लिंग ओळखणं अवघड असतं, त्यात दुकानदाराचीही तशी चूक नाही. आणल्या आठवड्यातच दोघांना दाखवून घ्या.

आम्हीच वेगळं ठेवतो तेव्हा

कोण खातंय आणि कुणाच्या लेंड्या पडताहेत हे मोजायचं असेल, जोडीत आधीच मारामारी होऊन जखमा असतील, किंवा वर सांगितलेली नसबंदीची अडचण असेल, तर मध्ये जाळी घालतो. जाळी अशी, की दोघं तिला टेकून एकमेकांच्या अंगाला लागून झोपतील. दोन वेगळ्या खोल्या कधीच नाहीत.

खरूज असेल तर वेगळं ठेवून काही उपयोग नाही. एकाच्या नाकावर, कानाच्या कडेला खपल्या दिसायला लागल्या, म्हणजे किडे दुसऱ्यापर्यंत पोचलेले आहेत. औषध दोघांना एकदमच द्यावं लागतं. घरात कुत्र्याच्या गोचिडांसाठी फिप्रोनिलचा स्प्रे किंवा थेंब पडून असतील तर ते सशाला लावू नका. कुत्र्याला चालणारं ते औषध सशाच्या जिवावर बेतू शकतं.

एकालाच नेऊन आणलं असेल तर

दुसऱ्या गावी होतात, रात्र होती, दुसरा सापडेना, काहीही कारण असो. आता सरळ जुन्या पिंजऱ्यात परत सोडू नका. दोघांचीही मालकी नसलेली जागा शोधा, मोठी बाथरूम किंवा बंद गॅलरी, आणि पाय घसरू नयेत म्हणून खाली चादर अंथरा. त्याच मळक्या टॉवेलनं आधी परत आलेल्याचं अंग पुसा, मग दुसऱ्याचं, मग पुन्हा पहिल्याचं. मध्ये मेथीचा मोठा ढीग टाका आणि तुम्ही तिथेच बसा. एकानं डोकं खाली घालून दुसऱ्यापुढे धरलं आणि त्यानं कपाळ चाटलं, तर झालं काम. शेपटी वर करून एकमेकांभोवती गोल फिरायला लागले तर सावध व्हा. भांडणात हात घालू नका, सशाचे दात खोल रुततात. केरभरणी किंवा जाड उशी मध्ये सरकवा. मग जाळी लावा आणि फोन करा.

दोघांतला एक गेला तर

दवाखान्यात दगावला असेल, तर त्याला घरच्याच टॉवेलमध्ये गुंडाळून घरी न्या आणि दुसऱ्यासमोर तास-दोन तास ठेवा. काही हुंगतात, काही केस ओढून त्याला उठवायला बघतात, काही लगेच पाठ फिरवतात. जोडीदार एकाएकी नाहीसा झाला की मागे राहिलेला दिवसचे दिवस त्याला शोधत फिरतो, असं आम्ही पाहिलंय. बघून घेतलं असेल तर हे कमी होतं. पुढचे दोन दिवस त्याच्या खाण्यावर आणि लेंड्यांवर नजर ठेवा. दुसऱ्याच दिवशी नवीन ससा आणायची घाई करू नका, आणि आणायचा ठरला की आधी दोघांना आमच्याकडे घेऊन या.

वेळ ठरवताना फोनवर इतकं सांगा: दोघांचं वय, कोण नर कोण मादी (नक्की माहीत नसेल तर तसं), कुणाची नसबंदी झाली आहे, आणि शेवटचं कुणी कधी खाल्लं. फोन सकाळी नऊपासून चालू असतो. रात्रीचा नंबर फाइलच्या मागच्या बाजूला आहे. खाणं थांबलेलं असेल तर फोन सकाळपर्यंत लांबवू नका, लगेच लावा.