नागाँ रिव्हॉल्व्हर आणि मिटणारी फट

सिनेमातला मारेकरी रिव्हॉल्व्हरच्या नळीला सायलेन्सर लावतो, ‘फुस्स’ होतं आणि समोरचा कोसळतो. जवळजवळ सगळ्या रिव्हॉल्व्हरांच्या बाबतीत हे साफ खोटं आहे. काडतुसांचं सिलेंडर मोकळेपणी फिरायचं, तर ते आणि नळी यांच्यात फट ठेवावीच लागते. फट असते मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची, पण दारू जळून झालेला वायू प्रचंड दाबाने तिच्यातून बाजूला निसटतो. नळीच्या टोकाला काहीही बसवा, हा आवाज अडत नाही.

एक प्रसिद्ध अपवाद म्हणजे बेल्जियमच्या लिएज शहरातल्या लिओं नागाँचं, रशियन सैन्याने 1895 मध्ये स्वीकारलेलं रिव्हॉल्व्हर. जुनं नागाँ नव्याने हाती आलेल्या संग्राहकाने शिक्के वाचण्याआधी या फटीकडे बघावं. आधी उजवीकडची झडप उघडून सातही कप्पे रिकामे असल्याची खात्री करायची. मग घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, सावकाश मागे ओढायचा. सिलेंडर एक घर फिरतं आणि चक्क पुढे सरकतं! फट मिटते. नळीचं मागचं निमुळतं टोक समोरच्या कप्प्याच्या तोंडात शिरून बसतं.

एवढ्याने वायू थांबत नाही, कारण धातूवर धातू कितीही घट्ट बसला तरी बारीक वाट उरतेच. ती बुजवतं काडतूस. याच्या सुमारे 39 मिमी लांब पितळी नळकांड्यात गोळी पूर्ण आत बुडालेली असते आणि नळकांड्याचं पातळ तोंड कप्प्याबाहेर किंचित डोकावतं. सिलेंडर पुढे सरकलं की ते तोंड बंदुकीच्या नळीत शिरतं. बार उडताच आतला दाब पितळेला चहूबाजूंनी फुगवतो आणि ते सांध्यावर आतून गच्च दाबलं जातं. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. म्हणजे जो वायू निसटू पाहतो तोच स्वतःची वाट बंद करतो. गोळी बाहेर पडून दाब उतरला की लवचिक पितळ जरासं आक्रसतं आणि चाप सोडल्यावर सिलेंडर मागे येऊ शकतं. बार उडताना काडतुसाच्या बुडाला आधार हवा, म्हणून मागचा पोलादी ठोकळाही पाचरीसारख्या तुकड्याच्या रेट्याने पुढे येतो. ही सगळी हालचाल एका बोटाने करायची असल्याने घोडा आधी न ओढता नुसता चाप दाबायला सुमारे 9 किलोचा जोर लागतो. त्या बदल्यात गोळीचा वेग थोडाच वाढतो. तरीही यंत्रकामाचा इतका देखणा विचार मी क्वचितच पाहिला आहे.

ओळखीचं बाकीचं काम सोपं आहे. सुरुवातीची नागाँ लिएजमध्ये बनली, 1898 पासून रशियातल्या तुला इथे उत्पादन सुरू झालं. डाव्या बाजूला साल कोरलेलं असतं. तारा दिसला तर शस्त्र सोव्हिएत काळातलं. अमेरिकी कायद्यात 1899 पूर्वीचं शस्त्र ‘अँटिक’ ठरतं, त्यामुळे तिथे या एका सालाने किंमत बदलते. भारतात मात्र चालू स्थितीतल्या शस्त्राला, ते कितीही जुनं असो, 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.

विक्रेत्यांच्या कहाण्यांना भुलू नका. 1918 मध्ये झारच्या कुटुंबाच्या हत्येत नागाँ वापरली गेली हे खरं, पण लाखोंनी बनलेल्या या शस्त्रातलं तुमच्या हातातलं तिथे होतं, याला कागदोपत्री पुरावा हवा. त्यापेक्षा सिलेंडर, नळी आणि सांगाडा यांवरचे क्रमांक जुळतात का ते पाहा, आणि गंज दिसला म्हणून पॉलिश मारून मूळचा निळसर-काळा थर खरवडू नका.