जठरातला जिस्ट आणि त्याच्या स्टेजचा हिशेब

जठराचा कॅन्सर म्हटला की डॉक्टर बहुतेक वेळा अॅडिनोकार्सिनोमाबद्दल बोलत असतात. तो आतल्या अस्तरातून उगवतो आणि लसिका ग्रंथींकडे सरकतो. म्हणून तो भिंतीत किती खोल गेला आणि किती ग्रंथींत पोहोचला, यावर त्याची स्टेज ठरते. जिस्ट (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीतली एक वेगळ्या प्रकारची गाठ) मात्र जठराच्या भिंतीतल्या स्नायूंच्या थरात वाढतो, ग्रंथींकडे क्वचितच वळतो आणि पसरलाच तर यकृतात किंवा उदरपोकळीच्या आवरणावर पसरतो. त्याला तीच मोजपट्टी लावणं चुकीचंच होतं.

पण मोजपट्टी वेगळी हवी हे कळायला आधी हा आजार वेगळा आहे हे कळावं लागलं. कित्येक दशकं या गाठी स्नायूंच्या गाठी म्हणून नोंदवल्या जात होत्या. 1983 मध्ये मेझर आणि क्लार्क या पॅथॉलॉजिस्टांनी त्यांना ‘स्ट्रोमल’, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीच्या गाठी, म्हटलं. 1998 मध्ये जपानमधल्या हिरोता आणि सहकाऱ्यांना या पेशींत ‘किट’ जनुकातला बिघाड सापडला. आतड्यांच्या हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या कहाल पेशींशी त्यांचं नातं त्याच सुमाराला उलगडलं. मार्च 2000 मध्ये फिनलंडमधल्या एका रुग्णाला इमॅटिनिब हे बिघडलेल्या किटचं काम रोखणारं औषध दिलं गेलं आणि गाठी झपाट्याने आक्रसल्या. तोवर या आजारावर केमोथेरपीचा जवळजवळ उपयोग होत नसे.

औषध आलं तशी धोका नेमका कोणाला, ही विचारणा तातडीची झाली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या निकषांत दोनच गोष्टी होत्या: गाठीचा आकार आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशीविभाजनं. मिएटिनेन आणि लासोटा या पॅथॉलॉजिस्टांनी वॉशिंग्टनमधल्या लष्करी पॅथॉलॉजी संस्थेतल्या जुन्या नोंदी चाळल्या, त्यात जठराच्या 1,765 गाठी होत्या. त्यातून तिसरी गोष्ट पुढे आली, ती म्हणजे जागा. गाठ 10 सें.मी.हून मोठी, पण विभाजनं कमी, असं असेल तर आजार बळावण्याचं प्रमाण जठरात सुमारे 12 टक्के, लहान आतड्यात मात्र 52 टक्के. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा आकडा आहे. पण या नोंदी बहुतांशी इमॅटिनिबच्या आधीच्या आहेत, हे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या कुटुंबाला कुणीतरी सांगायला हवं.

2008 मध्ये फिनलंडमधले कॅन्सरतज्ज्ञ योएन्सू यांनी गाठ फुटणं हा चौथा निकष जोडला. टीएनएम या कॅन्सरची स्टेज ठरवण्याच्या जागतिक पद्धतीच्या पुढच्या आवृत्तीत जिस्टला स्वतंत्र तक्ता मिळाला, त्यात पेशीविभाजनांनाही स्थान होतं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांना ऑपरेशननंतर एका वर्षाऐवजी तीन वर्षं इमॅटिनिब दिल्यावर पाच वर्षांनी 92 टक्के रुग्ण हयात होते. एक वर्ष औषध घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे 82 टक्के होतं. तीन वर्षं रोज गोळी घ्यायची तर ती परवडायला हवी. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा अर्ज फेटाळला, त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उतरली होती.

तरी एक गट या तक्त्यांत बसत नाही. मुख्यतः मुलांत आणि तरुणांत, आणि जठरातच आढळणारा एसडीएच-अभावी जिस्ट (ज्याच्या पेशींत एसडीएच हे ऊर्जानिर्मितीतलं एंझाइम नीट नसतं) ग्रंथींतही जातो, इमॅटिनिबला फारसा दाद देत नाही, आणि यकृतात पसरूनही कित्येक रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. त्यांच्या बाबतीत विभाजनं मोजून पुढचं भाकीत करता येत नाही. म्हणून तरुण रुग्णाच्या जठरात अशी गाठ निघाली, तर जनुकीय तपासणी झाल्याशिवाय धोक्याची पातळी ठरवू नये.