नाइन माइल कॅन्यन: चित्रांच्या दरीतला रस्ता

अमेरिकेच्या युटा राज्यात, प्राइस शहराच्या ईशान्येला नाइन माइल कॅन्यन ही कोरडी दरी आहे. नावात नऊ मैल असले तरी तिची लांबी 40 मैलांहून जास्त भरते. रस्त्यालगतच्या कड्यांवर माणसे, साप, जाडजूड शिंगांच्या रानमेंढ्या कोरलेल्या आहेत. काही तर गाडीच्या काचेतूनच दिसतात.

यातले बरेचसे काम फ्रीमाँट या प्राचीन मूळनिवासी संस्कृतीच्या लोकांचे. ही संस्कृती शेजारच्यांपेक्षा वेगळी आहे, हे 1931 मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक नोएल मॉर्स यांनी मांडले. हे लोक मका पिकवत, शिकार करत आणि धान्य उंच कपारीतल्या दगडमातीच्या कोठारांत साठवत. इसवी सन 1300 च्या सुमारास त्यांच्या खुणा विरत जातात.

वाळवंटातल्या खडकावर मँगनीज, लोह आणि चिकणमाती यांचा काळपट थर हजारो वर्षांत चढतो. दगडाने टोचून तो काढला की खालचा फिकट खडक उघडा पडतो, आणि तीच चित्राची रेघ. टोचलेल्या रेघेचे वय थेट मोजणे फार अवघड, म्हणून चित्रात काय आहे ते पाहावे लागते. घोडेस्वार दिसला तर चित्र स्पॅनिश लोकांनी घोडे आणल्यानंतरचे. अशी चित्रे यूट या मूळनिवासी जमातीची मानली जातात. कॉटनवूड कॅन्यन या उपदरीतल्या ‘ग्रेट हंट’ नावाच्या कोरीव कड्यावर धनुर्धारी आणि मेंढ्यांचा कळप आहे. त्यात नर, माद्या आणि पिल्ले एकत्र आहेत. असा कळप हिवाळ्याच्या तोंडी, माजाच्या काळात जमतो, म्हणून ही शिकार त्या ऋतूतली असावी असा तर्क केला जातो. मला तो पटतो. उगाच गूढ अर्थ लावण्यापेक्षा बरा.

रस्त्याचा इतिहास मात्र फक्त सव्वाशे-दीडशे वर्षांचा. 1886 मध्ये अमेरिकी लष्कराच्या नवव्या घोडदळाच्या कृष्णवर्णीय सैनिकांनी फोर्ट डुशेन हे ठाणे प्राइसच्या रेल्वेशी जोडण्यासाठी तो बांधला. मग मालवाहू गाड्या, टपाल, तारेचे खांब आणि गुराखी आले. चित्रांशेजारी कोरलेली त्यांची नावे आज इतिहास म्हणून जपली जातात. तेच आज कोणी केले तर गुन्हा ठरतो. सरकारी जमिनीवरच्या पुरातन अवशेषांना 1906 आणि पुढे 1979 च्या कायद्याने संरक्षण आहे.

खरा वाद या शतकात पेटला. जवळच्या पठारावर नैसर्गिक वायूच्या विहिरी खोदल्या जाऊ लागल्या आणि अवजड ट्रक कच्च्या रस्त्यावरून धावू लागले. उडालेली धूळ चित्रांवर बसू लागली. ती दाबण्यासाठी रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारले, तर तेच धुळीबरोबर खडकावर जाऊन त्याची हानी करील अशी भीती निघाली. 2009 मध्ये दरीतल्या 60 हून अधिक स्थळांची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. अखेर रस्ता पक्का झाला आणि त्याच्या खर्चात वायू कंपनीनेही वाटा उचलला. धुळीचा त्रास कमी झाला. साध्या मोटारीही आता थेट कड्यांच्या पायथ्याशी पोहोचतात.