जनुक संपादन

जनुक संपादन : सजीवाच्या पेशीतील डीएनएमध्ये आधी ठरवलेल्या जागीच काटछाट, भर किंवा अदलाबदल करण्याचे तंत्र. जनुक अभियांत्रिकीच्या जुन्या पद्धतींत बाहेरचे जनुक पेशीत सोडले, की ते जीनोममध्ये (पेशीतील संपूर्ण डीएनएमध्ये) कोठे जाऊन बसेल यावर फारसा ताबा नसे. संपादनात जागा आधी ठरते आणि बदल नंतर होतो. २०१२ नंतर ‘क्रिस्पर-कॅस९’ या पद्धतीने हे काम इतके सोपे व स्वस्त केले, की जनुक संपादन आणि क्रिस्पर हे शब्द एकाच अर्थाने वापरले जाऊ लागले. हा वापर काटेकोर नाही. क्रिस्पर हे एक साधन आहे आणि त्याच्याआधीही साधने होती.

‘संपादन’ ही संज्ञा रूढ असल्यामुळे येथेही स्वीकारली आहे, पण तिने एक गैरसमज होतो. चुकीचे अक्षर (डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार घटकांपैकी एक) खोडून बरोबर अक्षर लिहावे, असे मूळ पद्धतीत काही घडत नाही. डीएनएचे दोन्ही धागे एका जागी तोडले जातात, एवढेच काम शास्त्रज्ञाच्या हातात असते; तुटलेली टोके पेशी स्वतः सांधते. बहुधा ती घाईने सांधते आणि त्यात एखाद-दुसरे अक्षर गळते किंवा जास्तीचे शिरते. त्यामुळे जनुक निकामी करणे सोपे जाते. नमुन्यादाखल बरोबर अनुक्रम पुरवला तर पेशी तो पाहून दुरुस्ती करू शकते. मात्र ही दुसरी वाट मुख्यतः विभाजन पावणाऱ्या पेशींतच खुली असते. डीएनएमध्ये असा छेद दिला असता त्या जागी हवा तो बदल होण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, हे मारिया जेसिन यांच्या गटाने १९९४ मध्ये उंदराच्या पेशींत दाखवले. या क्षेत्राचा पाया तेथे घातला गेला, असे मानणे योग्य ठरेल. मग प्रश्न उरला, तो हव्या त्या जागी छेद कसा द्यायचा एवढाच. श्रीनिवासन चंद्रसेगरन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली झिंक-फिंगर न्यूक्लिएझ आणि २०१० च्या सुमारास आलेली टॅलेन ही डीएनए कापणारी कृत्रिम प्रथिने त्याची पहिली उत्तरे. दोन्हींत प्रत्येक नव्या जागेसाठी नवे प्रथिन घडवावे लागे आणि त्यात महिने जात.

क्रिस्परची कार्यपद्धती : कॅस९ हे जीवाणूंमधील प्रथिन. त्याला दोन पाती असतात आणि प्रत्येक पाते डीएनएचा एकेक धागा कापते. कोठे कापायचे, हे त्याच्यासोबतचा मार्गदर्शक आरएनए (डीएनएसारखाच अक्षरांचा रेणू) सांगतो. या आरएनएच्या टोकाशी असलेली सुमारे २० अक्षरे बदलली, की जागा बदलते. प्रथिन तेच राहते. पद्धत स्वस्त होण्याचे मर्म एवढेच आहे. कॅस९ पेशीतील डीएनए सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. ते आधी एक छोटी खूण शोधते : कोणतेही एक अक्षर आणि त्यानंतर लागोपाठ दोन ‘जी’. खूण सापडली, की तेवढ्याच ठिकाणी ते डीएनएचा पीळ उलगडते आणि खुणेच्या बाजूने मार्गदर्शकाशी एकेक अक्षर जुळवत जाते. जुळणी पुरी झाली, तर खुणेच्या अलीकडे तीन अक्षरांवर छेद बसतो. जुळले नाही, तर प्रथिन सोडून पुढे जाते. या खुणेला जीवाणूच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. आधी हल्ला केलेल्या विषाणूंच्या डीएनएचे तुकडे जीवाणू स्वतःच्या जीनोममध्ये जपून ठेवतो. त्या तुकड्यांशेजारी ही खूण नसते, म्हणूनच कॅस९ विषाणूला कापते आणि स्वतःचे दफ्तर मात्र अबाधित ठेवते.

चार अक्षरांच्या लिपीत २० अक्षरांचे एक लाख कोटींहून अधिक अनुक्रम संभवतात आणि मानवी जीनोम सुमारे तीन अब्ज अक्षरांचा आहे. त्यामुळे नीट निवडलेला अनुक्रम सहसा एकाच जागी सापडतो. परंतु कॅस९ दोन-चार अक्षरांची विसंगती कधीकधी खपवून घेते आणि भलत्याच जागी छेद बसतो. डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेले आधारक संपादन (एका अक्षराचे थेट दुसरे अक्षर करणारे) व २०१९ मध्ये मांडलेले प्राइम संपादन (नवा अनुक्रम थेट जागेवर लिहिणारे) या पद्धतींत दोन्ही धागे एकदम तोडावे लागत नाहीत. ‘संपादन’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो या दोन पद्धतींना.

उगम व श्रेयवाद : क्रिस्पर हे मुळात सूक्ष्मजीवांच्या डीएनएतील पुनरावर्ती अनुक्रमांचे नाव. त्याचा आरंभ कोणत्या वर्षी धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो व सहकारी ई. कोलाय या जीवाणूच्या एका जनुकाचा अनुक्रम लावत होते. त्या जनुकाच्या शेजारी २९ अक्षरांचा एकच मजकूर पाच वेळा आणि मध्ये ३२ अक्षरांचे अंतर ठेवून आलेला त्यांना दिसला. १९८७ च्या निबंधात त्यांनी तो नोंदवला आणि त्याचे जैविक महत्त्व माहीत नसल्याचेही लिहिले. हा पहिला लेखी उल्लेख, यात वाद नाही. पण शोध म्हणजे दिसणे की उमगणे, हा प्रश्न राहतो.

स्पेनच्या किनाऱ्यावर सांता पोला येथे मिठागरे आहेत. त्या अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोफेरॅक्स या सूक्ष्मजीवात आलिकांते विद्यापीठाचे फ्रान्सिस्को मोहिका यांना १९९३ मध्ये तसेच पुनरावर्ती अनुक्रम आढळले. एकमेकांशी काही नाते नसलेल्या दोन सजीवांत सारखी रचना आढळते, त्या अर्थी तिला काही काम असलेच पाहिजे, हे त्यांनी धरून ठेवले. तिचा उपयोग होईल असे कोणालाच वाटत नसताना सुमारे दहा वर्षे त्यांनी हा धागा सोडला नाही. पुनरावर्ती मजकुराच्या मधल्या तुकड्यांचे मूळ विषाणूंमध्ये व प्लाझ्मिडांमध्ये (जीवाणूंतील डीएनएच्या सुट्या वर्तुळांमध्ये) आहे, म्हणजे ही जीवाणूंची प्रतिकारशक्ती असावी, हा त्यांचा निष्कर्ष अनेक नियतकालिकांनी नाकारला. तो छापून आला २००५ मध्ये. त्याच वर्षी फ्रान्समधील दोन गट स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आले. ‘क्रिस्पर’ हे नाव मोहिका यांनी रुड यान्सेन यांना पत्रव्यवहारात सुचवले आणि २००२ मध्ये यान्सेन यांच्या निबंधात ते प्रथम छापले गेले. डॅनिस्को कंपनीतील रोडॉल्फ बारांगू, फिलिप हॉर्वाथ व सहकाऱ्यांनी दूध विरजणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस जीवाणूंवर विषाणू सोडले, जे तगले त्यांच्या जीनोममध्ये विषाणूचे नवे तुकडे भरती झालेले पाहिले आणि २००७ मध्ये प्रतिकारशक्तीची कल्पना प्रयोगाने सिद्ध केली.

खरा वाद आहे तो २०१२ चा. इमान्युएल शार्पांतिए (ज्यांच्या गटाने २०११ मध्ये या यंत्रणेतील दुसरा आवश्यक आरएनए शोधला होता) आणि जेनिफर डाउडना यांनी दोन्ही आरएनए जोडून एकच मार्गदर्शक बनवला आणि परीक्षानळीत हव्या त्या जागी डीएनए कापून दाखवला. हा निबंध जूनच्या सुरुवातीला पाठवला गेला व २८ जूनला प्रसिद्ध झाला. लिथुएनियातील व्हिल्निअस येथील विर्गिनियुस शिक्श्निस यांनी बराचसा तोच निष्कर्ष एप्रिलमध्येच एका नियतकालिकाकडे पाठवला होता. तो परीक्षणाविनाच परत आला आणि सप्टेंबरमध्ये दुसरीकडे छापला गेला. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटचे फेंग झांग आणि हार्वर्डचे जॉर्ज चर्च यांनी मानवी पेशींतील संपादन प्रसिद्ध केले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल शार्पांतिए व डाउडना यांना मिळाले. २०१८ चे काव्हली पारितोषिक शिक्श्निस यांच्यासह तिघांना देण्यात आले होते. केवळ तारखांचा विचार केला, तर काव्हली समितीचा निर्णय अधिक न्याय्य वाटतो.

अमेरिकेतील पेटंटचा तंटाही याच घडामोडींतून निघाला. डाउडना यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मे २०१२ मध्ये अर्ज केला, ब्रॉडने डिसेंबरमध्ये. परंतु त्वरित तपासणीची मागणी केल्यामुळे ब्रॉडला पेटंट आधी, एप्रिल २०१४ मध्ये मिळाले. दोन्ही अर्ज जुन्या कायद्याखालचे असल्याने प्रश्न आधी अर्ज कोणी केला हा नसून आधी शोध कोणी लावला हा होता. परीक्षानळीत जमलेली गोष्ट केंद्रक असलेल्या पेशीत जमणे उघड होते काय, यावर प्रयोगवह्यांची पाने तपासली गेली. २०१७ व २०२२ चे निकाल ब्रॉडच्या बाजूने लागले. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने २०२२ चा निर्णय अंशतः रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला. युरोपात ब्रॉडचे मूळ पेटंट २०१८ मध्येच रद्द झाले, तेही अर्जदारांच्या यादीतील तांत्रिक त्रुटीमुळे. एरिक लँडर यांचा २०१६ चा इतिहासपर लेख माहितीपूर्ण आहे, पण ते त्या वेळी ब्रॉडचे संचालक होते, हे ध्यानात ठेवून तो वाचावा लागतो.

वैद्यकीय उपयोग : क्रिस्परवर आधारित पहिला मान्यताप्राप्त उपचार कॅसजेव्ही, त्याला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेत त्याच डिसेंबरमध्ये सिकलसेल आजारासाठी संमती मिळाली. हा आजार हीमोग्लोबिनचा भाग घडवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकातील एका अक्षराने होतो : ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’. गंमत अशी, की उपचारात त्या अक्षराला हातही लावला जात नाही. गर्भावस्थेत शरीर वेगळे हीमोग्लोबिन बनवते आणि जन्मानंतर बीसीएल११ए या जनुकाच्या प्रभावाने ते जवळजवळ थांबते. रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी काढून त्यांतील या जनुकाचे लाल पेशींपुरते नियंत्रण तोडले जाते, मग थांबलेले हीमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. चाचणीत पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाही. मात्र संपादित पेशी परत सोडण्याआधी तीव्र औषधाने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यासाठी लागणारी रुग्णालये, आजाराचे सर्वाधिक रुग्ण जेथे आहेत तेथेच सर्वांत कमी आहेत. या उपचाराविषयी लिहिताना ही गोष्ट वगळता येत नाही.

२०२५ मध्ये फिलाडेल्फियातील डॉक्टरांनी अमोनियाचा निचरा न होण्याच्या दुर्मीळ आनुवंशिक विकाराच्या एका तान्ह्या बाळासाठी, त्याच्याच उत्परिवर्तनापुरते आधारक संपादन बनवले. निदानापासून पहिल्या मात्रेपर्यंत सुमारे सहा महिने लागले. एका रुग्णापुरते औषध इतक्या लवकर तयार होऊ शकते, हे यातून दिसले.

आनुवंशिक संपादन : वरील बदल त्या व्यक्तीबरोबर संपतात. भ्रूणात किंवा जननपेशींत केलेला बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. ग्वांगझू येथील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये जगू न शकणाऱ्या ८६ भ्रूणांवर केलेल्या प्रयोगात यश थोडे आणि भलतीकडचे छेद बरेच आढळले. तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘हे ज्यानक्वी’ या चिनी शास्त्रज्ञाने संपादित भ्रूणांपासून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. एचआयव्हीला रोखण्यासाठी सीसीआर५ (ज्याच्या प्रथिनाद्वारे हा विषाणू पेशीत शिरतो) या जनुकात ३२ अक्षरे गळालेले नैसर्गिक रूप आणायचे होते. प्रत्यक्षात वेगळेच बदल झाले, आणि तेही सर्व पेशींत सारखे नव्हते. मुलींना कोणताही आजार नव्हता, आणि संसर्ग टाळण्याचे सोपे उपाय उपलब्ध होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांचा कारावास झाला.

अशा संपादनाची वैद्यकीय गरज दाखवली जाते त्यापेक्षा बरीच अरुंद आहे. बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत भ्रूण तपासून निरोगी भ्रूण निवडणे पुरते. हव्या त्या गुणांची मुले घडवता येतील, ही कल्पनाही जनुकशास्त्राला धरून नाही : २०२२ च्या एका अभ्यासात एकट्या उंचीशी संबंधित सुमारे १२,००० ठिकाणे आढळली. युरोपातील १९९७ चा ओव्हिएदो करार आनुवंशिक बदलांना मनाई करतो. लंडन येथील २०२३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते सध्या अस्वीकारार्ह ठरवले.

इतर उपयोग : पिकांत रोगप्रतिकार व उत्पादनासाठी संपादन होते, त्याचे नियम देशपरत्वे भिन्न आहेत. जनुक प्रसार या तंत्रात संपादनाची यंत्रणाच जीनोममध्ये बसवली जाते. त्यामुळे बदल निम्म्याऐवजी जवळजवळ सर्व संततीत उतरतो. २०१८ मध्ये पिंजऱ्यात ठेवलेल्या, मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिस गॅम्बी डासांची संख्या याने ७ ते ११ पिढ्यांत संपुष्टात आली. मलेरियाने मरणाऱ्यांत लहान मुलेच अधिक असतात, त्यामुळे या तंत्राकडे पाठ फिरवणे कठीण आहे. पण डास सीमा ओलांडतात आणि सोडलेला बदल मागे घेता येत नाही. असे डास अद्याप निसर्गात सोडलेले नाहीत.