किनारपट्टीवरील घरासाठी दोन मीटर बँडचा अँटेना : निवड आणि उभारणी

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, म्हणजे ज्याला सर्व जण 'दोन मीटर' म्हणतात त्या बँडवर घरातून हौशी रेडिओ केंद्र चालवणाऱ्या किंवा नव्याने सुरू करणाऱ्या ग्राहकांसाठी आम्ही हे माहितीपत्रक तयार केले आहे. २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडविषयीही आमच्याकडे विचारणा होते, परंतु तेथील लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असल्याने पाव लहरीचा साधा उभा अँटेनासुद्धा पावणेतीन मीटरच्या आसपास जातो. त्याचे नियम व मापे वेगळी असल्यामुळे तो विषय येथे घेतलेला नाही. हौशी केंद्राला परवाना आणि व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारे कॉल साइन, म्हणजे केंद्राचे ओळखनाव, आवश्यक असते. ते पाहिल्याशिवाय आम्ही अँटेना ट्रान्समीटरला जोडून देत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

अँटेना घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न 'गेन किती?', म्हणजे अँटेना हव्या त्या दिशेला संदेश किती वाढवतो, असाच विचारतात. आमच्या अनुभवाप्रमाणे कोकणात हा प्रश्न चौथा असायला हवा. अँटेना किती उंचीवर बसणार, खाली कोणती केबल येणार आणि वादळाची सूचना मिळाल्यावर घरातल्या दोन माणसांना तो उतरवता येईल का, हे त्याआधीचे तीन प्रश्न आहेत.

उंची आणि घराची जागा

या बँडवरच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले की सपाट प्रदेशावरचे रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. नऊ मीटर उंचीला ते सुमारे १२ किलोमीटर आणि सोळा मीटरला सुमारे साडेसोळा किलोमीटर येते. दोन्ही टोकांचे अँटेना नऊ मीटरवर असतील तर दोघांची क्षितिजे मिळून सुमारे २५ किलोमीटरचा हिशेब बसतो. मात्र कोकणात सपाट प्रदेश आहे कुठे? सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, घराला सहा मीटरचा पाइप पुरेसा होतो, तर खाडीकाठच्या वाडीतील घराला दुप्पट उंची देऊनही समोरची डोंगराची सोंड आडवी येतेच. म्हणून खरेदीपूर्वी हातातला सेट घेऊन छपराच्या उंचीवर जावे, आपल्याला ज्या केंद्रांशी किंवा रिपीटरशी (आलेला संदेश पुन्हा पुढे प्रक्षेपित करणाऱ्या उंचावरच्या केंद्राशी) बोलायचे आहे ती ऐकू येतात का हे सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळा तपासावे आणि मगच आमच्याकडे यावे. समुद्रावर हवेचे थर जमले की कधी कधी शेकडो किलोमीटरवरची केंद्रे अचानक स्वच्छ ऐकू येतात; दुसऱ्या महायुद्धात मुंबईतील रडारला अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले होते ते याच कारणाने. तसा एखादा दिवस पाहून अँटेनाची निवड करू नये.

कोणता अँटेना घ्यावा

सड्यावर किंवा उघड्या किनाऱ्यावर घर असेल तर पाव लहरीचा ग्राउंड प्लेन अँटेना आम्ही प्रथम सुचवतो. मध्ये सुमारे ४९ सेंटिमीटरची उभी कांडी आणि तळाशी तेवढ्याच किंवा किंचित जास्त लांबीच्या चार कांड्या, एवढीच त्याची रचना असते. खालच्या कांड्या आडव्या ठेवल्यास त्याचा रोध सुमारे ३६ ओहम येतो आणि त्या ४५ अंशांनी खाली वाकवल्यास तो ५० ओहमच्या, म्हणजे केबलच्या रोधाच्या, जवळ जातो, त्यामुळे केबलशी मेळ सहज बसतो. तो वाऱ्याला फारसा अडत नाही आणि एखादी कांडी मोडलीच तर तेवढीच बदलता येते.

फायबरग्लासच्या पांढऱ्या नळीतला कोलिनिअर (एकावर एक उभे भाग जोडलेला) अँटेना गेनमध्ये सरस असतो, पण तो जितका लांब तितका वाऱ्यात अधिक झुलतो आणि त्याच्या आतले सांधे झुलण्यानेच सुटतात. तरीही तो घ्यायचा असल्यास दीड-पावणेदोन मीटरच्या पुढे जाऊ नये, असे आमचे मत आहे. अशा नळीच्या तळाशी एक बारीक भोक असते. ते पाणी बाहेर पडण्यासाठी असते. 'गळती' समजून ते सिलिकॉनने बुजवले की नळी पावसाळाभर आतून भरत राहते.

घर दरीत असेल आणि बोलायचे केंद्र एकाच दिशेला असेल तर पाच कांड्यांचा यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेला अँटेना, उपयोगी पडतो, मात्र त्याच्या कांड्या उभ्या ठेवून बसवाव्यात, कारण रिपीटर आणि गाडीवरचे अँटेना उभे असतात. एक आडवा आणि दुसरा उभा असल्यास संदेश फार क्षीण होतो.

छपराचा प्रकारही लक्षात घ्यावा. मंगलोरी कौलांचे घर असेल तर माळ्यावर, कौलांच्या आत, टांगलेला स्लिम जिम नावाचा बारीक, लांबट अँटेना चांगले काम देतो. कौले चिंब भिजल्यावर संदेश थोडा कमी होतो, परंतु वारा आणि खारी हवा यांपासून अँटेना वाचतो. पत्र्याच्या छपराखाली मात्र कोणताही अँटेना ठेवू नये, पत्रा लहरी अडवतो. उलट तोच पत्रा वरच्या बाजूने उपयोगाचा आहे : लोखंडी पत्रा असल्यास गाडीसाठीचा चुंबकी बैठकीचा अँटेना मध्यभागी ठेवला की संपूर्ण पत्रा त्याची जमीन बनतो, म्हणजे ग्राउंड प्लेनच्या खालच्या कांड्यांचे काम करतो. सुरुवातीला तेवढ्यावर भागवून पाहावे, असे आम्ही विद्यार्थी ग्राहकांना आवर्जून सांगतो. ॲल्युमिनियमच्या किंवा सिमेंटच्या पत्र्यावर चुंबक बसत नाही, हे घरी तपासून यावे.

केबल आणि खारी हवा

बारीक आरजी-५८ केबल स्वस्त मिळते, पण या बँडवर तिच्या वीस मीटर लांबीत सुमारे ४ डेसिबल गमावले जातात, म्हणजे सेटमधून निघालेल्या ५ वॅटपैकी जेमतेम २ वॅट अँटेनापर्यंत पोहोचतात. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ मधून सुमारे ३.४ वॅट आणि एलएमआर-४०० मधून सुमारे ४ वॅट पोहोचतात. ऐकतानाही हीच घट होते. महाग अँटेना घेऊन मिळणारा फायदा स्वस्त केबलने परत जातो, म्हणून हाती असलेल्या पैशांतून आधी केबल घ्यावी आणि उरलेल्यातून अँटेना.

आमच्या कार्यशाळेच्या छपरावर आम्ही प्रथम बसवलेल्या अँटेनाचा प्रसंग येथे सांगणे योग्य होईल. पहिल्या पावसाळ्यानंतर केंद्रे मंद ऐकू येऊ लागली, परंतु सेटजवळचा एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा; आकडा १ च्या जितका जवळ तितका चांगला) पूर्वीपेक्षाही चांगला आकडा दाखवत होता, त्यामुळे आम्ही कित्येक दिवस सेटमध्ये दोष शोधत बसलो. शेवटी वरचा पीएल-२५९ प्लग उघडला तेव्हा त्यातून पाण्याचे थेंब ओघळले आणि केबलची साल सोलल्यावर आतली तांब्याची जाळी हातभर अंतरापर्यंत हिरवट काळी पडलेली दिसली. परत येणारी शक्ती ओल्या केबलमध्येच जिरत होती, म्हणून मीटरला सर्व ठीक वाटत होते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक सांध्यावर आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळतो, तिच्यावर साधी टेप खालून वर अशी चढवतो, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल देतो, म्हणजे पाणी तिथेच टपकते. एसडब्ल्यूआरची पहिली नोंद मात्र अँटेनाच्या तळाशी, एखाद्या मीटर केबलवर घ्यावी आणि ती वहीत लिहून ठेवावी.

नटबोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ॲल्युमिनियम आणि स्टील जिथे एकमेकांना टेकतात तिथे खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरते, म्हणून तेथे ग्रीस लावावे आणि दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर, पाऊस ओसरल्यावर, सांधे उघडून पुसावेत. माकडांचा वावर असेल तर केबल पाइपातून न्यावी. लोंबती केबल माकडे ओढतातच.

उभारणी

विजेच्या तारांपासून खांबाचे अंतर अँटेनासह एकूण उंचीच्या किमान दीडपट हवे. तेवढी जागा नसेल तर आम्ही खांब उभारत नाही. माडाला खांब बांधण्याची विनंती अनेकदा होते, परंतु माड वाऱ्यात झुलतो आणि झाप किंवा नारळ पडून केबल तुटते, म्हणून ती टाळावी.

दीड इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, तळाशी बिजागरी आणि १२० अंशांवर तीन ताण, म्हणजे खांबाला तोलून धरणाऱ्या तारा, ही रचना सहा मीटरपर्यंत पुरते. जांभ्यात खड्डा घेणे कष्टाचे असते, पण ताणाचे हूक मातीत न गाडता जांभ्यातच सिमेंटने बसवावेत. कांडीची लांबी जुळवताना १४४ वर एसडब्ल्यूआर कमी आणि १४६ वर जास्त दिसला तर कांडी लांब आहे असे समजावे. सुमारे ३ मिलिमीटर कापल्यावर जुळणी साधारण १ मेगाहर्ट्झने वर सरकते. मध्यावर १.५ पेक्षा कमी आकडा आला की थांबावे. १.५ ला केवळ ४ टक्के शक्ती परत येते, त्याहून कमी करण्यासाठी कांडी कापत बसण्यात लाभ नाही.

अर्थिंग कोरड्या जांभ्यात नीट लागत नाही. माडाच्या आळ्याजवळ किंवा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, जिथे बारमाही ओल असते, तिथे ते घ्यावे, केबलवर लाइटनिंग अरेस्टर (विजेचा धक्का जमिनीत सोडणारे साधन) लावावा आणि हे अर्थिंग घराच्या विजेच्या अर्थिंगशी जाड तारेने जोडावे. तरीही वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत बोलणे संपताच केबल सेटमधून काढून घराबाहेर ठेवण्याची सवय लावावी. गडगडाट ऐकू आल्यानंतर केबलला हात लावू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा अनेक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले. अशा वेळी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे घरातले केंद्र गावाच्या उपयोगी पडते, पण वादळ सरल्यावर अँटेना धड असेल तरच. म्हणून बंदरावर वादळाच्या सूचनेचा बावटा लागला की वारा सुटण्याची वाट न पाहता एकाने मागचा ताण सैल करावा, दुसऱ्याने खांब बिजागरीवरून हळूहळू खाली आणावा, अँटेना काढून घरात ठेवावा, केबलच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी आणि पाइप जमिनीवरच हुकांना दोरीने जखडून ठेवावा. ग्राहकाच्या घरातील दोन व्यक्तींकडून हे एकदा प्रत्यक्ष करून घेतल्यानंतरच आम्ही उभारणीचे काम पूर्ण झाले असे मानतो.