दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचे बारसे

पावसाळा ओसरल्यावर खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या रानात शिरले की पायाखाली पाचोळ्याचा ओला थर लागतो. वरची पाने कोरडी असतात, त्याखालची काळपट आणि बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली. बेळगाव भागातल्या शेतकऱ्याला उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचा भुंगेरा चांगला ठाऊक असतो, पण या पाचोळ्यात राहणारे त्याचे कितीतरी भाऊबंद तिळाहूनही लहान असल्यामुळे कोणाच्याच नजरेत भरत नाहीत. जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींना आजवर नाव मिळाले आहे आणि नाव न मिळालेल्याही पुष्कळ आहेत.

‘जंगलात नवी जात सापडली’ असे बातमीत छापून येते. जंगलात सापडतो तो नुसता किडा. तो नवा आहे हे मात्र टेबलावर, कधीकधी काही वर्षांनी, ठरते.

वनखात्याची परवानगी घेऊन अभ्यासक पाचोळा चाळतात आणि चाळून खाली पडलेला बारीक पाचोळा जाळीच्या पिशवीत भरून ती बंद कापडी झोळीत टांगतात. दोन-तीन दिवसांत पाचोळा सुकू लागला की आतले जीव बाहेर पडून फिरू लागतात आणि झोळीच्या तळाशी बांधलेल्या अल्कोहोलच्या भांड्यात पडतात. या पद्धतीला वीज लागत नाही, म्हणून ती दुर्गम वाडीवरही चालते. पुढे दोन मिलिमीटरचा भुंगेरा कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकाच्या थेंबाने चिकटवून तो तुकडा टाचणीत ओवतात आणि त्याखाली नखाएवढी चिठ्ठी लावतात: गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. माझ्या मते सगळ्या खटाटोपात ही चिठ्ठी सर्वांत मोलाची आहे, कारण ती हरवली तर कितीही देखणा नमुना कुठला हे कोणालाच सांगता येत नाही.

खरी कसोटी नराच्या जननेंद्रियाची असते. पाठीवरच्या ढालीसारख्या पंखांचा रंग, त्यांवरचे खळगे, शृंगिकांचे म्हणजे डोक्यावरच्या मिशांचे सांधे हे सगळे जुळत असूनही दोन जाती वेगळ्या असू शकतात. म्हणून नमुना मऊ करून पोटातला तो सूक्ष्म, कठीण अवयव सुईने अलगद काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचे चित्र काढतात आणि जवळच्या जातींशी ताडून पाहतात. त्या जातींचे मूळ नमुने इंग्रजांच्या काळात लंडनच्या संग्रहालयात गेलेले असले, तर खानापूरच्या किड्याची ओळख पटवायला तिथले खण उघडावे लागतात.

वेगळेपणाची खात्री झाली की एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडतात. नाव कायमचे त्या एका किड्याला बांधलेले असते. पुढे वाद झाला तर त्याच्याकडेच परत जावे लागते. प्राण्यांना नावे देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शास्त्रीय नावे 1758 पासूनची धरतात, आणि त्याच नियमांनुसार वर्णन प्रसिद्ध झाल्याशिवाय नाव ग्राह्य होत नाही. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो.

पाचोळ्यातल्या अनेक भुंगेऱ्यांचे मागचे पंख खुरटलेले असतात. ज्याला उडता येत नाही तो दरी ओलांडून सहसा पलीकडे जात नाही, आणि शेजारच्या दोन डोंगरांवर पिढ्यान् पिढ्या वेगळे राहिलेले किडे हळूहळू वेगळ्या जातींचे होतात. एखादी जात एवढ्याशा जागेत कोंडलेली असेल, तर तिथला पाचोळा जाळणे किंवा झाडे तोडून तो उघडा पाडणे तिला नामशेष करायला पुरेसे असते.

जातीचे नाव एका जागेशी कसे जोडलेले राहते, याचे याच मुलखातल्या एका मोठ्या प्राण्याचे उदाहरण आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या एका वटवाघळाचे वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 मध्ये केले आणि मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले. त्यानंतर कित्येक दशके ते या गुहेखेरीज कोठेच माहीत नव्हते. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले, पण त्या जातीचे मूळ स्थळ म्हणून आजही बारापेडेचेच नाव घेतात.