डब्ल्यूडीएम-२ ला अमेरिकन आवाज का होता? ट्रेन सिम्युलेटरमधल्या आवाजांची पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ साली आला. ब्रिटनच्या कुजू एंटरटेनमेंटने बनवलेल्या या गेममध्ये सहा मार्ग होते, त्यात भारतातला एकही नव्हता. तरी आपल्याकडच्या हौशी मंडळींनी त्यात डब्ल्यूडीएम-२ या भारतीय रेल्वेच्या अल्को बनावटीच्या डिझेल इंजिनापासून विजेच्या इंजिनांपर्यंत बरंच काही उतरवलं, कारण गेम बंदिस्त नव्हता. इंजिनाची ताकद, ब्रेक, आवाज यांची सगळी मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत होती.

इंजिनाचा आकार फोटो आणि आराखडे पाहून घरबसल्या करता येतो. आवाजासाठी मात्र रेकॉर्डर घेऊन इंजिनाजवळ जावं लागतं. म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच मोफत इंजिनांत गेमसोबत आलेल्या डॅश-९ किंवा जीपी-३८ या अमेरिकन डिझेल इंजिनांच्या साउंड फोल्डरचा पत्ताच दिलेला असे. दिसायला अल्को आणि ऐकायला भलतंच, हा प्रकार तिथून सुरू झाला. आवाज बदलण्याची खटपटही तिथूनच.

इंजिनाच्या ‘ईएनजी’ फाइलीत आवाजाचा उल्लेख दोनदा येतो: वॅगनच्या भागात बाहेरचा, इंजिनच्या भागात कॅबमधला. एकच बदलला तर बाहेर नवा हॉर्न आणि आत जुनाच. हे उल्लेख ‘एसएमएस’ फाइलीकडे नेतात. कोणत्या घटनेला कोणती वेव्ह फाइल वाजवायची हे तिथे क्रमांकाने ठरतं. हॉर्न सुरू ८, बंद ९. कॉम्प्रेसर सुरू १२, बंद १३. थ्रॉटल हलवला की १६. फाइल यूटीएफ-१६ या अक्षर-संकेतातच जतन करावी लागते. नोटपॅडने एएनएसआय या जुन्या संकेतात जतन केली किंवा एक कंस सुटला की फाइल नीट वाचली जात नाही.

हॉर्नचे तीन भाग असतात: उठाव, टिकलेला सूर, उतार. मधला भाग बटण सुटेपर्यंत फिरत राहावा म्हणून वेव्ह फाइलीतच त्याच्या दोन्ही टोकांना क्यू पॉइंट म्हणजे खुणा ठेवतात. खुणा नसतील तर अख्खी फाइल पुन्हा पहिल्यापासून वाजते आणि हॉर्न उचक्या दिल्यासारखा येतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांत या खुणा टिकत नसत, म्हणून शेवटचं जतन वेव्होसॉरसारख्या प्रोग्रॅममध्ये करण्याची पद्धत पडली.

खरी अडचण डिझेलच्या धडधडीची. एसएमएसमध्ये ‘फ्रीक्वेन्सी कर्व्ह’ असतो. तो एकच रेकॉर्डिंग कमी-जास्त वेगाने वाजवून सूर चढवतो-उतरवतो. डब्ल्यूडीएम-२ चं सोळा सिलिंडरचं अल्को २५१ इंजिन आयडलला (गाडी न ओढता नुसतं चालू असताना) मिनिटाला ४०० फेरे घेतं, आठव्या नॉचला (थ्रॉटलच्या सर्वांत वरच्या टप्प्याला) १,०००. चार-स्ट्रोक असल्यामुळे सिलिंडरचे ठोके सेकंदाला सुमारे ५३ वरून १३३ वर जातात, म्हणजे अडीचपट. आयडलचं २२,०५० हर्ट्झचं रेकॉर्डिंग ५५,१२५ ला वाजवलं की ठोके बरोबर बसतात, पण इंजिनाच्या सांगाड्याचा घुमारही अडीचपट वर सरकतो. प्रत्यक्षात तो घुमार जागचा हलत नाही, आणि टर्बोची शीळ ठोक्यांच्या प्रमाणात चालत नाही. परिणामी इंजिन मोपेडसारखं वाजतं.

यावरचा तोडगा म्हणजे तीन-चार नॉचची वेगवेगळी रेकॉर्डिंग. डिझेलच्या फेऱ्यांचं मूल्य ‘व्हेरिएबल-२’ मध्ये ० ते १ असं येतं. ठरावीक मूल्य वर जाताना ओलांडलं की पुढची फाइल सुरू करायची, खाली येताना बंद करायची. दोन्ही फाइली थोडा वेळ एकमेकींवर वाजू द्याव्या लागतात. काटेकोर हद्द घातली तर प्रत्येक बदलाला खट्ट आवाज येतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि चांगले साउंड पॅक मोजकेच असण्याचं तेच कारण.

विजेच्या गाड्यांच्या आवाजात ‘बीव्हीई’ हा जपानचा रेल्वे सिम्युलेटर आधीपासून पुढे होता. त्याच्या मोटरच्या तक्त्यात ताशी दर ०.२ किमी वेगाला सूर आणि आवाजाची पातळी वेगळी लिहिता येते. मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचा सूर टप्प्याटप्प्याने उडी मारतो. तो अशाच तक्त्यात नीट पकडता येतो.

रुळांच्या आवाजाकडे दुर्लक्ष होतं. आपले जुने रूळ १३ मीटरचे, ब्रिटिश साठ फुटी, म्हणजे १८.३ मीटरचे. ताशी ६० किमीला आपल्याकडे सांध्याचा ठोका सेकंदाला सुमारे १.३ वेळा पडायला हवा. ब्रिटिश लयीत ०.९ च पडतो. हे आवाज मार्गाच्या ‘टीटाइप’ फाइलीतून येतात, इंजिन बदलून काही होत नाही.

ट्रेन सिम्युलेटरच्या फाइली चालवणाऱ्या ओपन रेल्स या मुक्त प्रोग्रॅमची १.० आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि जुन्या एसएमएस फाइली तशाच चालू राहिल्या. इंजिनाच्या फोल्डरात ‘ओपनरेल्स’ नावाचा उपफोल्डर करून त्यात बदललेली ईएनजी फाइल ठेवली की मूळ फाइलीला हातही लावावा लागत नाही. आवाज मात्र इथे ओपनएएल या ध्वनी-लायब्ररीतून जातो, आणि ती स्टीरिओ फाइलीला जागा व अंतर देत नाही. इंजिन दूर गेलं तरी आवाज तेवढाच येत असेल, तर व्हॉल्यूम कर्व्ह उचकण्याआधी वेव्ह मोनो (एकाच चॅनेलची) आहे का ते बघावं.